बाजारादिवशीची बैठक

काटकसर करा, असं सांगणारं परिपत्रक आमच्या ऑफिसात आलं ते गुळगुळीत कागदावर, रंगीत छापून आणि प्रत्येक टेबलाला वेगळी प्रत. सरकारी अपव्यय थांबावा आणि कामाला गती यावी म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्यानं एक तरी सूचना लिहून द्यायची होती. उत्कृष्ट सूचनेला जिल्ह्याच्या ठिकाणी सत्कार. सत्कार हा शब्द वाचला तेव्हाच मला या प्रकरणाचा वास यायला हवा होता.

मी मूळची सांगलीची. नोकरीनं मला साताऱ्याच्या पूर्वेकडच्या एका कोरड्या तालुक्यात आणून टाकलं होतं आणि निराधारांच्या अनुदानाचं टेबल माझ्याकडे होतं. परिपत्रक आल्यावर शेजारच्या टेबलांवर एकदम विद्वत्ता उतू गेली. आस्थापनेच्या कारकुनानं लिहिलं, जमिनीचं टेबल कागद फार नासतं. जमिनीच्या टेबलानं लिहिलं, आस्थापनेचा पंखा माणूस नसतानाही फिरतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. साहेबांच्या खोलीतला एसी मात्र कुणालाच दिसला नाही. साहेब दौऱ्यावर असले तरी तो बिचारा इमानेइतबारे रिकामी खुर्ची गार करत बसायचा.

खरा अपव्यय कुठे होता ते ऑफिसातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दर आठवड्याला गावच्या बाजारादिवशी आमची साताऱ्याला आढावा बैठक असायची. साहेबांपासून सगळे जीपमध्ये कोंबून सकाळी निघायचे, ते ऑफिस सुटायच्या वेळेला परत. खेड्यापाड्यांतली माणसं तालुक्याला येतात तीच मुळी बाजारादिवशी, आणि नेमकं त्याच दिवशी त्यांच्यासाठी आमच्याकडे एक शिपाई आणि रिकाम्या खुर्च्या. हाच दिवस का, असं मी एकदा अव्वल कारकुनांना विचारलं होतं. त्यांना माझी कीव आली.

"मॅडम, बाजारादिवशी इथं किती गर्दी असते! काम होतं का काही? मग बैठकच बरी."

माणसं येतात म्हणून काम होत नाही. असलं डोकं फक्त आमच्याच खात्यात चालतं.

त्या गर्दीत एक मावशी होती. डोंगराकडेच्या वाडीवर एकटी राहणारी, पाटीत अंडी घेऊन बाजाराला येणारी. तिच्या वाडीला एसटी नव्हती. सीटा भरल्या की सुटणारी वडापची जीप जायची, तीही बाजारादिवशीच. वर्षातून एकदा हयात असल्याचं दाखवायला ऑफिसात येऊन यंत्रावर अंगठा लावायचा असतो, तो राहिला म्हणून तिचं अनुदान बंद पडलं होतं. ते यंत्र साहेबांच्या अंगठ्याशिवाय उघडत नसे, आणि साहेब बाजारादिवशी जीपमध्ये. एकदा आम्ही निघता निघता तिनं जीपची खिडकी धरली.

"आवं बाई, माजं तेवडं बगा की. म्या जित्ती हाय, ह्ये दिसतंय न्हवं?"

ड्रायव्हरनं गाडी पुढे काढली. वाडीवर यंत्र घेऊन जाऊ या, असं मी साहेबांना म्हटलं, तर ते म्हणाले, काटकसरीमुळे डिझेल फक्त बैठकीपुरतंच मिळतं.

त्या संतापात मी माझी सूचना लिहिली. बैठक बाजाराचा दिवस सोडून कुठल्याही दिवशी घ्यावी, यात कसलाच खर्च नाही. ऑफिसात माझ्याशी आठवडाभर कुणी धड बोललं नाही. "लय शानपना चाललाय मॅडम तुमचा," अव्वल कारकून म्हणाले. "बाजारादिवशी हितं बसून आमी मरायचं का?"

आणि माझीच सूचना जिल्ह्यात पहिली आली. फोन आल्यावर मला खरंच आनंद झाला, खोटं कशाला सांगू? अंमलबजावणी लगेच होणार, असं वरून सांगितलं. मी वडापवाल्याबरोबर मावशीला निरोप धाडला, या बाजारी नक्की या, सगळे जाग्यावर असतील.

मग सत्काराचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की, वेगळ्या कार्यक्रमाचा खर्च टाळण्यासाठी समारंभ नेहमीच्या बैठकीला जोडूनच घेण्यात येत आहे. नेहमीची बैठक म्हणजे येत्या बाजारादिवशी. सर्वांनी उपस्थित राहावं. बैठकीच्या नव्या दिवसाबद्दल समारंभानंतर विचार होईल.

मी जाणार नाही म्हणून सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "तुमच्या वतीनं मी स्वीकारतो," ते म्हणाले. तुमचा अंगठा तेवढा यंत्रावर ठेवून जा, असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या.

बाजारादिवशी शिपाई सोडला तर मी एकटीच ऑफिसात बसले. मावशी आली. चिकट, मळका अंगठा यंत्र घेत नाही, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं, म्हणून तिनं तो राखेनं घासघासून लाल केला होता. पाटी उचलतानाही तिनं त्याला कशाचा स्पर्श होऊ दिला नव्हता. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि साहेब नाहीत ते सांगितलं. ती अंगठा वेगळा धरून तशीच बसून राहिली.

तेवढ्यात ऑफिसच्या ग्रुपवर फोटो आला. खांद्यावर शाल, हातात नारळ, साहेब हसताहेत, मागे आमचं सगळं ऑफिस टाळ्या वाजवतंय. मावशीनं मान पुढे करून पाहिलं.

"ह्यो तुमचा सायेब?"

"होय."

"आन् ही मागची?"

"ही आमच्या ऑफिसातली माणसं."

तिनं त्या रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. "आन् ह्यास्नी कुनी इच्यारत न्हाई व्हय, जाग्याव हायसा का म्हून?"

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. बाहेर वडापवाला हॉर्न वाजवायला लागला होता. पुढच्या बाजारी या म्हणायला माझी जीभ रेटेना. तिनंच पाटी डोक्यावर घेतली.

"म्होरल्या बाजारापतूर जित्ती ऱ्हायले तर यीन," ती म्हणाली, आणि वडापमध्ये जाऊन बसली.