भिंतीकडे तोंड केलेला फोटो

लंडनमधल्या स्टॅनमोर स्टेशनातून सुटण्याआधी गाडी बराच वेळ दारं उघडी टाकून उभी असते. त्या सकाळी मी आत बसून डब्याच्या पिशवीला गाठ मारत होते आणि मिलिंदचा, माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याचा, फोन आला. "ती गेली गं. पहाटे." एवढंच. दुखणं थोड्या दिवसांचं. आठवड्यापूर्वीच कॉव्हेंट्रीला जाऊन मी तिला भेटले होते, तेव्हा तिने पडल्या पडल्या माझ्या नव्या हेअरकटची यथेच्छ चेष्टा केली होती... इतकी जीभ चालवणारं माणूस एवढ्यात कुठे जातंय, असं म्हणत मी घरी परतले होते. दारं मिटली, गाडी सुटली. त्या दिवशी मी कुठे उतरले, ते मला आजही आठवत नाही.

तिचं नाव या लेखात येणार नाही. फोटोही नाही. पुरवणीच्या संपादकांनी काळजीने विचारलं, "फोटोशिवाय स्मृतिलेख कसा छापायचा?" त्यांचं काही चुकलं नाही. पण कारण सांगायचं तर आधी तिचं काम सांगायला हवं.

ती मूळची नागपूरची, ग्राफिक डिझायनर. लग्नानंतर मिलिंदबरोबर काही वर्षं ऑस्ट्रेलियात होती. तिथल्या एका आदिवासी समाजाने स्वतःसाठी चालवलेल्या आरोग्यसंस्थेत पोस्टरं, पत्रकं, दवाखान्याच्या पाट्या असं सगळं करायची. मिलिंदची नोकरी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आली तेव्हा तिला वाटलं, संपलं आता. संस्थेतल्या बायका म्हणाल्या, "कॉम्प्युटर नेतेयस ना बरोबर? मग झालं तर." घरातल्या सगळ्यात लहान खोलीत, इथे जिला बॉक्सरूम म्हणतात तिथे, तिने टेबल टाकलं. आपली पहाट म्हणजे तिकडची दुपार, त्यामुळे ती कोंबड्याआधी उठायची. मी तेव्हा शेजारच्याच घरात राहायचे. झोप लागली नाही की चहा घेऊन तिच्याकडे जायचे. खिडकीबाहेर धुकं, काचेवर दव आणि स्क्रीनवर लाल माती, उन्हात हसणारी मुलं... मला अर्धवट झोपेत वाटायचं, ही बाई रोज त्या स्क्रीनमधून तिकडे उतरते आणि नाश्त्यापर्यंत परत येते. तिच्या टाचांना लाल माती लागली आहे का, हे मी एकदा खरंच वाकून पाहिलं होतं. ती म्हणाली, "काय शोधतेस वेडे? चहा सांडशील."

तिची एक चूक ती स्वतःच सगळ्यांना हसत सांगायची. ऑस्ट्रेलियातल्या तिच्या पहिल्याच वर्षी, डायबेटिसच्या पोस्टरवर जिचा चेहरा होता ती आजी वारली. चौकाचौकात श्रद्धांजलीचे फ्लेक्स बघत मोठी झालेली आपली मुलगी; तिने जीव ओतून आजीचा मोठा फोटो, भोवती फुलांची माळ, खाली ठळक नाव असं पोस्टर केलं आणि दवाखान्यात लावून दिलं. मग तिथली आरोग्यसेविका तिच्याजवळ येऊन बसली. "तू प्रेमाने केलंस, ते कळलं आम्हाला. पण हे झाक." त्या लोकांत माणूस गेलं की त्याचा चेहरा आणि नाव काही काळ दूर ठेवतात. जाणाऱ्याची वाट अडू नये, मागे राहिलेल्यांची जखम उघडी पडू नये. किती काळ, ते घरचे ठरवतात. आमच्या बाईने आजीचा चेहरा असलेली भिंतीवरची सगळी पोस्टरं स्वतःच्या हाताने उतरवली. खूप दिवसांनी आजीची नात दवाखान्यात आली आणि म्हणाली, "आता लावा आजीला." हे सांगताना मात्र ती कधीच हसली नाही.

तिच्या शोकसभेला आम्ही कॉव्हेंट्रीच्या कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये जमलो. टेबलावर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, फुलं आणि मिलिंदने हौसेने मोठा करून आणलेला तिचा फोटो. त्रिसरण सुरू होणार, एवढ्यात तिची लेक यशोधरा, आमची यशू, पुढे गेली आणि तिने फोटो उचलून भिंतीकडे फिरवून ठेवला. हॉलमध्ये कुजबुज झाली. लंडनच्या एजवेअरहून आलेले एक काका समजुतीने म्हणाले, "बेटा, बरं दिसतं का हे? लोकांनी फुलं कुणाला वाहायची?"

"काका, मम्मी तिकडे हेच शिकली. फॅमिली ओके म्हणेपर्यंत फेस नाही, नाव नाही." यशू म्हणाली. "मी तिची फॅमिली आहे ना? आणि मी अजून ओके नाही म्हटलेलं. मला नाही बघता येत तो फोटो. आय ॲम सॉरी."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. तो चेहरा पाहायला मी इतक्या लांबून आले होते. मिलिंद पुढे आला. मग त्याने ओंजळभर फुलं फोटोच्या पाठीसमोर वाहिली. त्याच्यामागून आम्ही सगळे गेलो. नंतर ऑस्ट्रेलियातून निरोप आला: दवाखान्यातल्या ग्रुप फोटोत तिच्या चेहऱ्यावर आम्ही कापड लावलं आहे. लेक सांगेल तेव्हा काढू. म्हणजे जगाच्या दोन टोकांना दोन फोटो एका पोरीच्या होकारासाठी थांबले आहेत. त्या दिवशी माझा राग ओसरला. दुःख मात्र होतं तिथेच आहे.

गेल्या रविवारी कॉव्हेंट्रीला गेले होते. बॉक्सरूम तशीच आहे. खुर्चीच्या पाठीवर तिची शाल, कीबोर्डवर धूळ, कपात वाळलेली टी-बॅग. फळीवर फोटो, भिंतीकडे तोंड करून. मला तिला हाक मारावीशी वाटली, अगदी मोठ्याने, नाव घेऊन... मी फळीजवळ गेले. खोलीभर धूळ होती. ती फ्रेम तेवढी लखलखीत होती.

यशू चहा घेऊन दारात उभी होती. "मी पुसते रोज," ती म्हणाली.

"मागची बाजू?"

"काचपण. डोळे बंद करून."

ती आईच्या खुर्चीत बसली, मी जमिनीवर. फ्रेमच्या पाठीकडे बघत आम्ही दोघींनी चहा संपवला.