कमरेतली गोळी

हे मी आपणहून आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. पलटणीतल्या मित्रांना नाही आणि सोसायटीत तर नाहीच — तिथे दर पंधरा ऑगस्टला झेंडा या निवृत्त कर्नलच्याच हातून वर जातो. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या तोंडावर हसणार नाही. मागे खुशाल हसा.

आधी एक स्पष्ट करतो — पदक खरं आहे. एकाहत्तरच्या लढाईत शत्रूच्या ठाण्यावर चढलो तेव्हा मी पायदळातला कोवळा लेफ्टनंट होतो आणि सगळ्यांच्या पुढे होतो. का पुढे होतो? पोटात भयंकर कळ येत होती. अशा वेळी माणसाला भ्यायला सवड नसते. काय ते लवकर आटपावं एवढंच वाटतं. मानपत्रात याला ‘असामान्य धडाडी’ म्हटलं आहे. पण माझा गुन्हा हा नाही. तो — सांगतो, थांबा.

लढाई संपली आणि मी लष्करी इस्पितळात पोचलो. जुलाबांनी. शेजारच्या खाटांवर खरोखर गोळ्या लागलेले जवान. त्यांच्यासमोर ‘जुलाब’ हा शब्द तोंडातून निघेना. तिथून पुण्याला ट्रंककॉल लावला. आमच्याकडे कुठला फोन? तो शेजारच्या काकांकडे. मी ओरडून म्हटलं, "गोळी लागू पडली, आता बरा आहे!" लाइनमध्ये नुसती खरखर. मधली अक्षरं तिनं गिळली आणि काकांना ऐकू आलं — गोळी लागली. काकांचा आवाज मोठा. दुपारच्या चहापर्यंत सगळ्या सदाशिव पेठेला कळलं.

पुणे स्टेशनवर लोक हार घेऊन आले, तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो. सैन्यातला मुलगा नको म्हणणारे सुमतीचे वडील राजी झाले, तेव्हाही नाही. लग्नानंतर तिनं विचारलं, गोळी कुठे लागली? आता काय दाखवू? लहानपणी सायकलवरून पडल्याचा कमरेवर एक व्रण होता, तो दाखवला. आणि गोळी? म्हटलं, आत आहे अजून. का म्हणालो असं? काय गरज होती?

तेव्हापासून दर थंडीत ती तिळाचं तेल कोमट करून त्या व्रणावर चोळत आली. स्वतःचे गुडघे दुखायला लागले तरी. आणि मी पालथा पडून ‘आहा’ म्हणत आलो. सांगा, याला काय म्हणायचं? शत्रूच्या ठाण्यावर चढलो, पण त्या तेलाच्या वाटीसमोर एकदाही तोंड उघडायची हिंमत झाली नाही. लाज वाटायची. तेल मात्र आवडायचं.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी पाठीचा एमआरआय सांगितला. तिथल्या मुलीनं विचारलं, अंगात कुठे धातू आहे का? मी काही बोलायच्या आत सुमती सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी म्हणाली, "गोळी आहे. शत्रूची." एकच धावपळ उडाली. आधी एक्स-रे काढला. मुलगी तो उजेडाकडे धरून उलटासुलटा करून बघत राहिली.

"काकू, गोळी कुठेच दिसत नाहीये हो."

सुमतीनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"विरघळली असेल," ती म्हणाली.

परत रिक्षानं निघालो. स्वारगेटच्या सिग्नलला, समोर बघतच, तिनं विचारलं, "कसली होती हो?"

"जुलाबाची."

ती हसलीसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात थंडी पडली. सुमती तेलाची वाटी घेऊन आली. मी सवयीनं पालथा झालो. ती पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली, वाटी माझ्या हातात दिली आणि साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली.

रोज चोळतो आहे. ती ‘आहा’ म्हणत नाही.