लांबच्या पल्ल्याची फटफटी

आमच्या मामांना या जगात एकच गोष्ट जशी आहे तशी पसंत होती, ती म्हणजे आमची आत्या. बाकी देवानं आणि कारखानदारांनी केलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या मते अर्धवट सोडलेली होती आणि ती पुरी करायची जबाबदारी बोरीच्या या आडत दुकानदारावर येऊन पडली होती. मामा म्हणजे आत्याचे यजमान. छत्री खांद्याला अडकवता यावी म्हणून त्यांनी तिला पितळी कडी बसवली होती. ती अडकायची छान, उघडायची मात्र नाही. जेवायच्या पाटांना त्यांनी चाकं लावली. पहिल्याच पंगतीत पाहुणे एकेक घास घेत भिंतीकडं सरकू लागले, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "उतार जमिनीचा हाय. पाटाचा दोष न्हाई."

अशा माणसाच्या हाती फटफटी पडल्यावर तिचं काय होणार, ते मला आधीच कळायला हवं होतं. येलदरी धरणावरच्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांनी आपली जुनी, अवजड गाडी विकायला काढली. बुटकी, लांबलचक, हँडल बैलाच्या शिंगांसारखं वर जाऊन मागं वळलेलं. पाय पुढं पसरून, आरामखुर्चीत रेलल्यासारखं बसायचं आणि संध्याकाळी गावातून हळूहळू मिरवायचं, एवढ्याचसाठी ती जन्माला आली होती. मामांनी ती घरी आणली, भोवती एक फेरी मारली आणि जाहीर केलं, "हिला लांबच्या पल्ल्याची करायची. तुज्या आत्याला बार्शीला न्यायचं."

बार्शीला माझी धाकटी आत्या होती. तिचा नवरा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला, त्यामुळं तिला घर सोडून कुठं जाता येत नसे. आणि इकडं थोरल्या आत्याला गाडी लागायची. साधीसुधी नव्हे! एस.टी.चा नुसता वास आला तरी तिच्या पोटात ढवळायचं. जिंतूरच्या स्टँडवर कुणाला पोचवायला गेली तरी घरी येऊन आडवी व्हायची. जीप झाली, आगगाडी झाली, लिंबू झालं, आवळासुपारी झाली. एकदा जिवावर उदार होऊन बार्शीला निघाली, ती परभणीच्या अलीकडूनच अर्धमेली होऊन परत आली. बैलगाडीत आणि ट्रॅक्टरवर मात्र ठणठणीत. तोंडावर वारा लागला की झालं. पण ट्रॅक्टरवर बसून बार्शी गाठायची म्हणजे आठवडा जायचा. बहिणीबहिणींची भेट होऊन कितीतरी वर्षं लोटली होती. तिकडून कुणी आलं की आत्या त्याला फिरून फिरून एकच विचारायची, "लय बारीक झालीय का रं ती?" त्यामुळं मामांची घोषणा ऐकून तिचा चेहरा जो उजळला, तो मी अजून विसरलेलो नाही.

मी तेव्हा परभणीला नोकरीला होतो, म्हणजे मामांच्या भाषेत रिकामाच होतो. सामान धुंडाळायचं काम माझ्याकडं आलं. फटफटी परभणीच्या एका मिस्त्रीकडं दाखल झाली. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. उस्तादनं हँडल सरळ केलं, पायदानं मागं घेतली, इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मामांनी पुढं वारा अडवायला दुकानातल्या कपाटाची काच लावली. ती पहिल्याच खड्ड्यात गेली. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या आल्या. एक कपड्यांची, दुसरी मामांच्या पूजेची. लिंगपूजा केल्याशिवाय मामा अन्नाला शिवत नसत, म्हणून त्या पेटीत भस्म, बेल, तांब्या, आसन यांना वेगवेगळे खण होते आणि वाटेत कुठंही आंघोळ करता यावी म्हणून मागं नळ बसवलेला पाण्याचा डबा होता. सगळं झाल्यावर उस्ताद लांब जाऊन उभा राहिला, दाढी खाजवत बघत राहिला आणि म्हणाला, "शेठ, सब लगा दिया. अब किक किधर से मारते?" उजवी पेटी बरोबर किकच्या वाटेत आली होती. मामांनी गाडीकडं बघितलं, उस्तादकडं बघितलं आणि माझ्यावर ओरडले, "तू कशाला हुतास मग हितं?"

पेटी मागं सरकवून किक मोकळी झाली, पण खरी कमाल सीटची. आत्याला हिसका बसू नये म्हणून मामांनी मागच्या सीटखाली जाड स्प्रिंगा घातल्या, आणि त्या जोखायला आत्याला न बसवता ज्वारीचं भरलेलं पोतं बांधलं! धान्याच्या व्यापाऱ्याला दुसरं माप कुठलं सुचणार? पोतं मागं बांधून मामा रोज जिंतूरपर्यंत जाऊन येत. वळणावर हळू घेत, खड्डा आला की मागं वळून पोत्याला विचारत, "लागलं का?" लोक रस्त्यावर उभे राहून हसत. शेवटी पोतं सुखानं बसतंय अशी खात्री पटल्यावर त्यांनी आत्याला बसवलं. आमची आत्या म्हणजे पाप्याचं पितर. पहिल्याच गचक्याला ती अशी उडाली की मामांच्या मानेला मिठी मारली म्हणून वाचली. खाली उतरल्यावर पदर सावरत म्हणाली, "मी माणूस हाय का पोतं? संसाराला इतकी वर्षं झाली, माजं वजन ठावं न्हाई तुमाला?"

झालं, गाडी पुन्हा उस्तादकडं. तिथून ती सुटेचना. आज स्प्रिंगा, उद्या दिवा, परवा दुसरं हॉर्न. ते विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. कधी बंद असायचा, कधी रस्ता अडवलेला असायचा, मामांना न जायला आयतं कारण मिळायचं. रस्ते मोकळे झाले, गाडी घरी आली, तरी मामा निघेनात. एका रविवारी मी बोरीला गेलो तर हे अंगणात बसून तीच साखळी पुन्हा पुसायलेत. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मामा, सरळ सांगा ना, तुम्हाला जायचंच नाही!"

मामांनी फडकं खाली ठेवलं. त्यांचा आवाज एकदम उतरला. "भाच्या, ही बी गाडी तिला लागली तर? एस.टी. झाली, जीप झाली, रेल झाली. आता ही एकच राह्यलीय. हिच्यावर बी न्हाई जमलं, तर तिला काय सांगू? बहिणीची आस सोड म्हणू?"

घरात भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे आत्यानं सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घट्ट बांधून फटफटीवर बसलेली! पाठीशी अर्धं पोतं ज्वारी स्वतःच्या हातानं आवळलेली. मामा तोंडात दातवण तसंच धरून उभे.

"ही तिच्यासाठी आपल्याकडची ज्वारी," आत्या म्हणाली. "माजं अन् हिचं मिळून झालं ना तुमचं पोतं पुरं? आता चला."

"अगं पर लागली तर?"

"लागली तर लागली. कडंला उतरंन, चूळ भरंन, पुन्ना बसंन. पर बसून तर बगू द्या!"

मामांनी पूजा उरकली. आत्या पडू नये म्हणून तिच्याभोवती सीटला लोखंडी कठडा नटांनी आवळून टाकला आणि निघाले. मी रस्त्यापर्यंत पळत गेलो. मामांचं लक्ष समोर कमी आणि मागं जास्त होतं.

त्या प्रवासाचं वर्णन मी मामांकडून असंख्य वेळा ऐकलं. परळी गेली, आत्याला काही झालं नाही. अंबाजोगाईचा घाट गेला, काही झालं नाही. उलट तिनं गाडी थांबवायला लावून मिरचीची भजी खाल्ली आणि मामांनाच म्हणाली, "तुमी का इतके पांढरे पडलाव?" दिवेलागणीला बार्शीत दारासमोर गाडी उभी राहिली. धाकटी आत्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली, आधी ओळखेचना, मग किंचाळलीच. थोरलीला उतरायचं होतं, पण कठडा आवळलेला. मामा पाना शोधायला लागले. तेवढं थांबायला धाकटीला कुठला धीर! तिनं गाडीवर बसलेल्या बहिणीलाच, कठड्यासकट, मिठी मारली. दोघी रडायलाही लागल्या आणि हसायलाही.

मामा आता नाहीत. उत्तरायुष्यात ही गोष्ट सांगताना ते इथवर आले की थांबायचे, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायचे.

"पाना हातात हुता रं माज्या," म्हणायचे. "समदे नट मीच आवळलेले. पर त्या दोघींकडं बगून, कुठला आदी सोडायचा, तेच सुचंना."