मान तिरकी का करायची?

शंकरभाऊ केदारींची आणि माझी पहिली भेट एका फणसाच्या झाडामुळे माझ्या लक्षात राहिली आहे. मी तळेगावच्या एका शाळेत मराठी शिकवते. आंदर मावळातली माझी सख्खी मावशी, तिची भातलावणी आणि लावणीच्या वेळची तिची गाणी यांवर छोटा माहितीपट करावा, असं दहा वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात आलं आणि तेव्हापासून डोकं काही ठिकाणावर राहिलं नाही. कोणता कॅमेरा, कोणती लेन्स, चित्र पाहायला वेगळा मॉनिटर हवा की नको? मोबाईलवर रोज एक नवा तज्ज्ञ भेटायचा आणि कालच्या तज्ज्ञाला वेड्यात काढायचा. माझी वही कॅमेऱ्यांच्या नावांनी भरत गेली आणि मी अधिकच गोंधळत गेले. शेवटी कुणीतरी सांगितलं, लोणावळ्याला वळवणात रेल्वेतून निवृत्त झालेले एक भाऊ आहेत, त्यांना विचारा. मी वही घेऊन गेले.

भाऊंनी वही हातात घेतली, उघडली, मिटली आणि खिडकीत ठेवून दिली. मला तेव्हा भयंकर राग आला होता. रात्रंदिवस खपून काढलेली यादी आणि या गृहस्थांनी ती धड पाहिलीही नाही! मग त्यांनी एका कॅमेऱ्याला एक लेन्स लावली आणि तो अंगणाकडे रोखून माझ्या हातात दिला.

“बोला बाई, काय दिसतंय?”

“फणसाचं झाड.”

“ते मला ठाऊक हाय. फुडं बोला.”

त्यांनी लेन्स बदलली, पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्या लेन्सला मी आपोआप बोलत सुटले. झाडाखाली शेजारच्या बाई कपडे वाळत घालत आहेत, त्यांनी चिमटा दातांत धरलाय, हाताला पीठ लागलंय ते धुवायचं राहिलंय. भाऊ शांतपणे ऐकत होते.

“हीच घ्या,” ते म्हणाले. “हिच्यातनं तुमी लय बोललात.”

लेन्स अशी निवडतात हे मला कोणत्याही तज्ज्ञाने सांगितलं नव्हतं. घरी येताना लोकलमध्ये उतरायचं तळेगाव आणि त्यापुढचं घोरावाडीही कधी मागे गेलं कळलं नाही. हा माणूस फार मोठा आहे की आपल्याला हातोहात बनवलंय, हेच मला ठरवता येत नव्हतं.

भाऊंचं कार्य त्यांच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात इतरांनी लिहिलं असेलच, म्हणून थोडक्यात सांगते. ते खंडाळ्याच्या घाटात गाड्यांना मागून रेटा देणाऱ्या इंजिनावर होते. नोकरीत असतानाच त्यांनी पहिला व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या जत्रा टिपल्या. निवृत्तीनंतर मात्र स्वतः टिपण्यापेक्षा दुसऱ्यांना वाटेला लावण्याचं काम त्यांनी पत्करलं. आज मावळात एकट्याच्या जिवावर माहितीपट करणारी, लग्नं टिपणारी जी मंडळी आहेत, त्यांतली बहुतेक भाऊंच्या ओटीवरून गेलेली आहेत. त्यांनी कुणालाही उगाच नवीन वस्तू घ्यायला लावली नाही. “घरात हाय त्यानं आदी करा, मग बोलू,” हे त्यांचं पहिलं वाक्य असे.

आणि आम्हा सगळ्यांना ओळखण्याची एक खूण आहे. आम्ही मॉनिटर पाहताना मान तिरकी करतो. भाऊ तशी करतात म्हणून. मॉनिटरकडे समोरून पाहायचं नाही, मान डावीकडे झुकवून जरा कडेने पाहायचं. त्याने चित्राचा तोल कळतो असं आमच्यात ठामपणे सांगितलं जातं. मी वर्षानुवर्षं मान तिरकी केली. मानेला पट्टा लागला, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? मी म्हटलं, चित्राचा तोल पाहते. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

मावशीच्या माहितीपटाच्या वेळी भाऊ स्वतः आंदर मावळात आले. एसटी जिथे सोडते तिथून मावशीचं घर बरंच लांब आहे. पासष्टी उलटलेले भाऊ कॅमेऱ्याची तिकाटी खांद्यावर घेऊन ते सगळं अंतर चालले. मला ती उचलू दिली नाही. खाचरावर पोचल्यावर मी मावशीला म्हटलं, “हे भाऊ. आणि हा मॉनिटर.”

मावशीने इकडेतिकडे पाहिलं. “मॉनिटर कंचा गं? वर्गात पोरांवर ध्यान ठेवतो, त्यो?”

मी समजावून सांगणार एवढ्यात भाऊ म्हणाले, “व्हय मावशी, त्योच. आन् आज मॉनिटर तुमी.” त्यांनी छोटा पडदा माझ्याकडे न ठेवता मावशीकडे फिरवला. मला हे काही पटलं नाही. चित्र मी काढणार आणि पडदा जिचं चित्र काढायचं तिच्यापुढे! भाऊ बाजूला उभे राहिले, मान तिरकी करून. मी कॅमेऱ्यामागे मावशीच्या हातांकडे डोळे लावून बसले. मावशी वाकली, रोपं घेतली, पडद्याकडे पाहिलं आणि ओरडलीच.

“आगं, माज्या मागं म्हस हुबी ऱ्हायलीय की! मदोमद! तुमाला दोगांस्नी दिसंना व्हय?”

मला दिसली नव्हती, कारण मी हातांतच अडकले होते. पण भाऊ तर पडद्याजवळच उभे होते. भाऊ मोठ्याने हसले. “म्हनून तर तुमाला मॉनिटर केलं,” म्हणाले. केवढी शिकवण, असं मी त्या दिवशी डायरीत लिहिलं. माहितीपट पुरा झाला, मावशीने तो पाहिला आणि म्हशीला काढून टाकल्याबद्दल मला बोल लावला.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. मी दुसरा, वापरलेला कॅमेरा घ्यायचं ठरवलं आणि तपासायला भाऊंकडे नेला. तो त्यांच्या हातात दिला आणि मी आत काकूंशी चहा पीत गप्पा मारत बसले. बाहेर आले तेव्हा भाऊ म्हणाले, चांगला हाय. मी घेतला. शाळेत भिंतीसमोर पहिलंच चित्र घेतलं, तर पांढऱ्या भिंतीवर बरोबर मध्यभागी काळा ठिपका. दुसरं चित्र घेतलं, तरी तोच. मी तणतणत लोणावळ्याला गेले.

“भाऊ, हा ठिपका तुम्हाला दिसला नाही?”

“कुटं हाय?”

“मधोमध!”

भाऊंनी मान तिरकी करून चित्र पाहिलं. मग म्हणाले, “मदलंच दिसत न्हाई, बाई, मला. कडंचं दिसतं.”

“कधीपासून?”

“तुमी वही घेऊन आलतात ना, त्याच्या आदीपासनं.”

मी तिथेच पायरीवर बसले. ती न पाहता मिटलेली वही, तो फणस, ती म्हैस आणि आम्हा सगळ्यांच्या तिरक्या माना एकदम माझ्यापुढे उभ्या राहिल्या. मी विचारलं, “म्हणजे काय दिसतंय ते बोला, ही तुमची शिकवायची पद्धत नव्हती?”

“इंजिनावर आमी तसंच बोलायचो. सिग्नल दिसला की एकानं मोठ्यानं म्हनायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हनायचं.”

“मग सवय, शिकवण, की डोळा?”

“आता ते मलाबी येगळं करता येत न्हाई.”

मलाही येत नाही. मी इतकी वर्षं ज्या गोष्टीला गुरूची शिकवण समजत होते, ती त्यांची गरज होती. पण त्या गरजेतून आम्ही पाहायला शिकलो हेही खरंच आहे. यातलं काय खोडायचं? संपादक मंडळाने मला ‘भाऊंची अध्यापनपद्धती’ असा विषय दिला आहे आणि मी पाच वेळा सुरुवात करून पाच वेळा कागद फाडला आहे.

भाऊंनी हे कुणालाच का सांगितलं नाही, हेही मी विचारलं. “इंजिनावर डोळा फेल झाला की मानसाला खाली उतरवत्यात,” ते म्हणाले. “माजा जोडीदार उतरवलेला मी बगितलाय. दुसऱ्या दिसापासनं त्याला सिग्नल कुनी इचारला न्हाई. माजं कळलं तर लेन्स इचारायला कोन येनार, बाई?” त्या भीतीने ते डॉक्टरकडेही गेले नव्हते. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. शाळेतली बाई चुकार पोराला धरून नेते, तशी मी पंचाहत्तरीला टेकलेल्या या थोर माणसाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. गेलेलं परत येणार नाही, पण राहिलेलं सांभाळता येईल, असं डॉक्टर म्हणाले. आता दर महिन्याला आम्ही जातो. तिथे बाकावर बसल्या बसल्या भाऊ विचारतात, “बोला, काय दिसतंय?” आणि मी बोलते.

हे सगळं छापावं की नाही, यावरून मी फार घोळ घातला. शेवटी लेखच त्यांना वाचून दाखवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “ठेवा,” म्हणाले. “म्हशीचं बी ठेवा. फकस्त कुटं ‘बिचारे’ लिवलं आसंल तर खोडा.” कुठेही लिहिलेलं नव्हतं, तरी मी पुन्हा तपासलं.

भाऊंना दीर्घायुष्य लाभो, त्यांची प्रकृती ठणठणीत राहो आणि कडेचं जे दिसतं ते त्यांना शेवटपर्यंत दिसत राहो, ही माझी प्रार्थना. वाचकांना एक विनंती आहे. लेन्स घ्यायची असेल, तर पूर्वीसारखेच वळवणात जा आणि भाऊंना विचारा. फक्त काय दिसतंय ते नीट, मोठ्याने बोला.

सत्काराच्या दिवशी आम्हा शिष्यांनी केलेला छोटा चित्रपट दाखवला जाणार आहे. भाऊ पहिल्या रांगेत मान तिरकी करून बसतील आणि मागची सगळी शिष्यमंडळी माना तिरक्या करतील, याबद्दल मला शंका नाही. मी भाऊंच्या शेजारी सरळ मानेने बसणार आहे. मधलं मी सांगेन.