तिचं वजन, माझं वजन

"चप्पल काढा मावशी, आणि सरळ उभ्या राहा," ताई म्हणाल्या.

मी काट्यावर चढले. काचेचा काटा, पायाला थंड. पदर खोचलेला. आकडा आला तसा ताईंनी मोबाईलवर त्याचा फोटो काढला. "आता जाताना परत करू," म्हणाल्या. मी उतरले आणि पोळ्या लाटायला गेले. खरं सांगते, तेव्हा काही वाटलं नाही. तव्यावरची पोळी फुगली, तेवढी दिसली.

बेगम बाजारात मिरचीची पोती अशीच काट्यावर टाकतात. पोत्याला कोण विचारतं.

घर हिमायतनगरचं, चौथ्या मजल्यावर. ताई इथल्याच, काचीगुड्याच्या मराठी घरातल्या. मराठी बोलायच्या, पण घरापुरतं. निम्मं इंग्रजी, मध्येच एखादं 'नक्को'. साहेब पुण्याचे, कंप्युटरच्या कंपनीत, सदा कानाला फोन. पहिल्या दिवशी ताईंनी माझं आडनाव विचारलं होतं. मी गावाचं नाव सांगितलं, नांदेडकडचं. त्यांनी परत विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मुलगी एकच, ईशा. हुसेनसागर तलावात शर्यतीची नाव वल्हवायची. उंच पोरगी, खांदे रुंद, तळहाताला घट्टे. असे घट्टे मी बायकांच्या हाताला शेतात पाहिले होते, फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच पाहिले. तिच्या कोचने वजन ठरवून दिलं होतं. त्याच्या खाली गेली तर नावेतून बाहेर. आणि रोज पाण्यावर इतकं अंग मोडायची की खाल्लेलं दुपारपर्यंत जिरून जायचं. म्हणून तिला दिवसभर खाऊ घालायचं. त्यासाठी मी.

पाण्यावरून आली की अंडी, एक-दोन नव्हे, ताटलीभर. वर केळी, दूध, ओट्स. थोड्या वेळाने पनीर नाहीतर चिकन, भाताचा डोंगर. दुपारी पोळ्या, डाळ, दही, तूप. चार वाजता बदाम-खजूर घालून दाट दूध. रात्रीचं मी करून ठेवायची. चार गडी जेवतील एवढं ती एकटी खायची, आणि तिला भूक नसायची.

"मी गिरणी आहे, आजी," ती म्हणायची. "टाका वरून."

"गिरणीला निदान वीज गेली की सुट्टी असते," मी म्हणायची.

हसायची आणि पुढचा घास घ्यायची. आमच्या घरी पोरी शेवटी जेवायच्या. उरलं तर. इथे आई पोरीच्या मागे वाटी घेऊन फिरत होती. मला हेवा वाटला नाही. नवल वाटलं, तेही लवकरच बंद झालं.

मग ईशाचं वजन उतरलं. कोचने फोन केला. ताईंनी स्वयंपाकघरात येऊन डबे उघडले. बदामाचा रिकामा. खजुराचा रिकामा. तुपाच्या बरणीला नुसता वास.

"मावशी, हे काय? डबे रिकामे आहेत."

"मी सांगितलं होतं ताई."

"सांगितलं होतं ना. म्हणून तर विचारते. गेलं कुठे?"

मला कळेना. माझी पिशवी खाली वॉचमन रोज बघायचा, म्हणजे मी काही नेत नव्हते. त्यांनी हिशेब लावला की मी इथेच खाते. दुसऱ्या दिवसापासून मला काट्यावर चढवलं. आल्यावर एकदा, जाताना एकदा.

मी चढले. त्या इमारतीत अजून दोन घरी मी सकाळच्या भाज्या करायची. एका घराने चोर म्हटलं की सगळी दारं बंद. या वयात नवीन इमारत कोण देतं.

पहिल्या संध्याकाळी आकडा थोडा वर आला.

"हे कसं?" ताई म्हणाल्या.

"पाणी प्याले."

"एवढं पाणी?"

उन्हाळा होता. दोन शेगड्या, कुकर, तवा. पण त्यानंतर मी त्या घरात पाणी प्याले नाही. कोणी नको म्हटलं नव्हतं. माझं मीच बंद केलं. दुपारी जीभ लाकडासारखी व्हायची. मी ईशाच्या दुधात केळं कुस्करत होते आणि गिळायला तोंडात थुंकी नव्हती. संध्याकाळी काट्यावर चढले. आकडा सकाळपेक्षा खाली.

ताई हसल्या. "बघा, आज कसं बरोबर आलं."

खाली पार्किंगच्या नळाला तोंड लावून मी पाणी प्याले. ठसका लागला तरी पीत राहिले. मग तिथेच भिंतीला टेकून बसले. बरोबर आलं. त्यांच्या घरात राबून मी कमी झाले, ते बरोबर. पोरीचं वाढलं की साहेब पुण्याला फोन करून सांगायचे. माझं वाढलं की मी चोर. काटा तोच.

दुसऱ्या दिवशी जेवताना ईशाच बोलली. "मम्मा, पण आजी तर म्हणत होत्या बदाम वाढले, तूप वाढलं. मग इतक्यात संपलं कसं?"

तेव्हा मला कळलं. आमच्यात घरातला जिन्नस संपला असं म्हणत नाहीत. अशुभ असतं. वाढला म्हणतात. माझी आई पीठ सरलं की पीठ वाढलं म्हणायची, आणि आमच्या घरी ते रोजच वाढायचं. मी ताईंना आठवडाभर सांगत होते, बदाम वाढले, तूप वाढलं. त्या म्हणत होत्या, छान. त्यांना वाटलं, भरपूर आहे.

मी हे सांगितलं. ईशा म्हणाली, "ओह." ताई हसायलाच लागल्या.

"अय्यो मावशी, असं असतं होय? मग सरळ बोलायचं ना."

मी वाट बघत होते. कशाची ते मलाही ठाऊक नव्हतं. ताईंनी फोनवर बदाम मागवले, तूप मागवलं. मग मी निघताना म्हणाल्या, "चढा."

"कशाला आता?"

"राहू दे ना रोजचं. तुमच्यासाठीच चांगलं आहे. उद्या काही कमी पडलं तर कोणी तुमच्यावर बोट ठेवणार नाही."

"मी नाही चढत."

"त्यात काय एवढं? ईशा पण रोज चढते."

"तिला खाऊ घालायला चढवता. मी खाल्लं की काय ते बघायला मला. आजपासून काम बंद माझं."

आवाज चढवला नाही. चप्पल घातली. ईशा टेबलाशी बसली होती, पुढ्यात भात. चांगली पोरगी होती, मला आजी म्हणायची. तिने माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे, आणि खात राहिली. तिला खायचंच होतं.

दोन दिवसांनी वॉचमनने गेटवर अडवलं. "अम्मा, तुमको अंदर छोडना नक्को बोले." बाकीची दोन घरंही गेली. ताईंनी काय सांगितलं, मी विचारायला गेले नाही.

आता नवीन घरी गेले की आधी बोलून घेते. मी दुपारी तुमच्याकडे जेवणार. तुम्ही जे खाता तेच, ताट घेऊन, टेबलाशी बसून. परवा नारायणगुड्याच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे कामवाली ओट्याशी खाते हो."

"मग दुसरी बघा," मी म्हटलं आणि जिना उतरले. असंच अजून एक घर सोडलं. पुढचंही सोडीन. उपाशी राहायची सवय मला जन्मापासून आहे. भुकेची भीती मला कोणी घालू नये.