पद्मजाने गोळ्या सोडल्या तेव्हा

पद्मजा दामले अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानात काउंटरवर असे. चाळिशी उलटलेली. लग्न केलं नाही, कसबा पेठेत वडिलांबरोबर राहायची. "सातवीचा इतिहास आहे का?" असं कुणी विचारलं, तर "पाटीवर काय लिहिलंय?" एवढंच उत्तर. पण जुलै उजाडला आणि नदीपात्रात ढोलताशा पथकाचा सराव सुरू झाला, की हीच बाई कमरेला ताशा बांधून पुढे उभी राहायची आणि मागचे सगळे ढोल तिच्या काड्यांकडे बघत थांबायचे. ढोल कितीही असोत, हात, म्हणजे वाजवायचा ठेका, कधी बदलायचा, वेग कधी चढवायचा आणि कुठे थांबायचं हे पुढचा ताशा सांगतो. तो पुढचा ताशा दहा-बारा वर्षं पद्मजाचा होता.

मग एका पावसाळ्यात ती सरावाला आलीच नाही. सांगण्यासारखं कारण नव्हतं. घरात कुणी गेलं नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं. फक्त सकाळी उठवेना. अन्न समोर आलं तरी हात पुढे होईना. दुकानात रजा टाकून ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. तिचे वडील दीनानाथ तारखात्यातून निवृत्त झालेले, तिरकं बोलण्याबद्दल गल्लीत प्रसिद्ध. त्यांनी काही दिवस पाहिलं आणि एके सकाळी तिच्या चपला पलंगापाशी आणून ठेवल्या. "भिंत पाठ झाली असेल तर डॉक्टरांकडे जाऊ," म्हणाले.

मनोविकारांच्या डॉक्टर रेगे बाईंनी गोळी सुरू केली. रोज सकाळी नाश्त्यानंतर एक. काही आठवड्यांनी पद्मजाला आमटीला चव लागायला लागली, मग ती दुकानात जायला लागली. पण तोवर गणपती होऊन गेले होते. पुढचा ताशा त्या वर्षी ओवीने वाजवला होता.

ओवी हिंजवडीला एका कंपनीत कामाला होती. शाळेत असताना ती पथकात आली तेव्हा काडी कशी धरायची हे तिला पद्मजानेच शिकवलं होतं. मनगट सैल, कोपर अंगाजवळ. आता ती सैल मनगटं बघायला लोक थांबत होते. कुणीतरी तिचा व्हिडिओ टाकला होता आणि तो हजारो जणांनी पाहिला होता. पद्मजानेही पाहिला. एकदा नाही. दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली फोन धरून पाहायची. पोरीची चूक सापडावी म्हणून पाहायची, आणि ती सापडत नसे.

पुढच्या जुलैत ती सरावाला परत गेली. पथकप्रमुख दिगंबर तिच्याच वयाचा, जुना मित्र. त्याने तिचं स्वागत केलं, चहा मागवला आणि मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "पद्मजा, यंदा जरा मागच्या रांगेत राहा. हात मोकळा होऊ दे. ओवीचं बसलंय सगळं."

"बसलंय तर बसू दे," पद्मजा म्हणाली.

मागच्या रांगेतून ओवीची पाठ दिसायची. घट्ट बांधलेली वेणी, मानेवरचा घाम, हात बदलताना डावा खांदा किंचित उचलण्याची लकब. ती लकब पद्मजाची होती. लोक आता तिला ओवीची म्हणत. सराव संपला की पोरंपोरी ओवीभोवती गोळा व्हायची आणि ती हसत हसत काड्या बोटांवर फिरवायची. कुणाला "अरे यार, तू फुल स्पीड का पकडतोस?" म्हणायची, कुणाच्या पाठीवर थाप मारायची. मग पद्मजाकडे येऊन म्हणायची, "ताई, तुम्ही आलात ना, भारी वाटतं." पद्मजाला तो गोडवाही सोसत नसे. तिने उद्धटपणा केला असता तर बरं झालं असतं. निदान रागवायला कारण मिळालं असतं.

आणि हात खरंच मंद पडला होता. वेग चढला की पद्मजाची उजवी काडी क्षणभर मागे राहायची. इतर कुणाच्या लक्षात आलं नसतं, तिच्या येत होतं. वर्षभर ताशाला हात लावला नव्हता हे तिला आठवत होतं, पण ते कारण तिला नको होतं. ते मान्य करायचं तर ओवी वर्षभर घाम गाळत होती हेही मान्य करावं लागलं असतं. तिने दुसरं कारण शोधलं. रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी ठेवलेली ती छोटी पांढरी गोळी. ओवीच्या अंगात असलं काही जात नाही, आपल्या जातं. फरक एवढाच, असं तिने ठरवून टाकलं.

एका सोमवारी तिने पाकीट कपाटात साड्यांच्या मागे सारलं. डॉक्टरांना विचारलं नाही, वडिलांना सांगितलं नाही.

पहिले दोन-तीन दिवस उलट छान गेले. हलकं वाटलं. सरावात वेग चढवला तेव्हा काडी मागे राहिली नाही, निदान तिला तरी तसं वाटलं. परत येताना ती शनिवारवाड्यापर्यंत जवळजवळ पळतच आली. आता बघतेच तुला, असं मनात म्हणत.

मग दुकानात एकदा फळीवरून नजर काढून तिने गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि डोक्याच्या आत झिणझिणून करंट बसला. क्षणभरच. तिने काउंटर धरला. पुन्हा नजर वळवली, पुन्हा तसाच झटका. संध्याकाळपर्यंत डोळे डावीकडून उजवीकडे नेले तरी तेच व्हायला लागलं. मळमळ होती, तळहात घामाने ओले होते, चालताना जमीन किंचित सरकत होती. ताप आलाय म्हणून तिने काढा करून प्यायला. झोपेत इतकी ठसठशीत स्वप्नं पडत, की जागी झाल्यावर ती खोटी होती हे स्वतःला पटवावं लागे. बहुतेक स्वप्नांत ओवी असे.

स्वभाव तर सोललेल्या कातडीसारखा झाला. एका लहान मुलीने चित्रकलेची वही बदलून मागितली आणि पद्मजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मालकांनी तिला आतल्या खोलीत बसवलं. तिथे बसूनही ती ओवीचाच विचार करत होती. त्या पोरीच्या डोक्यात करंट बसत नाही. तिला जमीन सरळ दिसते. ती आत्ता हिंजवडीतल्या गार हवेच्या ऑफिसात बसून कॉफी पीत असेल, आणि संध्याकाळी येऊन आपली जागा व्यापून उभी राहील. हेवा पद्मजाला आधीही होता. पण तो आत ठेवता येत होता. आता त्याला झाकण उरलं नव्हतं.

अशा अवस्थेत ती सरावाला गेली. दीनानाथ दारात म्हणाले, "तोंड पांढरं पडलंय तुझं. आज नाही गेलीस तर गणपती रद्द होणार नाहीत." ती ऐकून न ऐकल्यासारखं करून निघाली.

नदीपात्रात ढोल सुरू झाले आणि प्रत्येक ठोका तिच्या दातांत उतरला. ओवीने हात बदलण्याची खूण केली. पद्मजाने नजर वर केली, डोक्यात झटका बसला आणि तिच्या काड्या भलतीकडे गेल्या. मागचे दोन ढोल तिच्याबरोबर चुकले, त्यांच्यामागे आणखी चार. दिगंबरने हात वर करून वादन थांबवलं. त्या शांततेत ओवी शेजारच्या मुलीला काहीतरी हळूच बोलली, आणि दोघी पद्मजाकडे बघायला लागल्या.

पद्मजा तरातरा पुढे गेली.

"काय सांगत होतीस तिला?"

"काही नाही ताई. तुम्हाला बरं नाहीये का, एवढंच—"

"मला सगळं कळतं. माझ्या गोळ्यांबद्दल सांगतेस तू सगळ्यांना. दामले बाई डोक्यावरच्या गोळ्या खातात, त्यांना पुढे उभं करू नका, हेच ना? म्हणूनच मला मागे टाकलंस ना, दिगंबर, तू?"

ओवीचं तोंड उघडंच राहिलं. "ताई," ती म्हणाली, "कसल्या गोळ्या?"

कुणालाच काही माहीत नव्हतं. दिगंबरलाही नाही, त्याला कावीळ सांगितलेली होती. जे वर्षभर जिवापाड लपवलं, ते पद्मजाने स्वतःच्या तोंडाने सगळ्या पथकासमोर सांगून टाकलं होतं. तिला ताशाची कमरेची गाठ सुटेना. ओवी पुढे झाली, खाली वाकून तिने गाठ सोडली. "हात लावू नकोस," पद्मजा म्हणाली, आणि मग वाळूत मटकन बसली, कारण उभं राहणं जमतच नव्हतं.

दिगंबरने तिला रिक्षाने घरी सोडलं. दीनानाथांनी त्याला पाणी दिलं, वाटेला लावलं आणि मुलीसमोर खुर्ची ओढून बसले.

"गोळ्या संपल्यात का?"

"सोडल्या."

"कुणाला विचारून?"

तिने पायाला चिकटलेली वाळू झटकली.

"त्या ताशापायी?"

"ती पोरगी गोळ्या न घेता वाजवते, बाबा."

"ती पोरगी तेवीस वर्षांची आहे. तू वरची वीस वर्षंही सोडतेस का?" ते म्हणाले. पण नेहमीसारखे पुढे दोन वाक्यं बोलले नाहीत. उठून त्यांनी डॉक्टरांकडे फोन लावला.

डॉक्टर रेगे बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. नजर फिरवताना करंट बसतो हे सांगताना पद्मजाचा आवाज चिरकला. आपल्याला खरोखरच वेड लागतंय अशी तिची खात्री झाली होती.

"वेड नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि जुना आजारही परत आलेला दिसत नाही. वर्षभर शरीराला या औषधाची सवय आहे. ती एकदम तोडली की असं होतं. चक्कर, मळमळ, झटके, रडू, चिडचिड. पुष्कळ जणांना होतं, आणि पुष्कळ जण तुमच्यासारखेच कुणाला सांगत नाहीत."

"मग आयुष्यभर घ्यायची?"

"नाही. पण उतरायचं ते पायऱ्यांनी. आत्ता होती तीच गोळी परत सुरू करू. सगळं स्थिर झालं की काही महिन्यांनी थोडी कमी करू, थांबू, बघू, पुन्हा थोडी कमी करू. मधेच त्रास झाला तर मला फोन करायचा. आणि हात मंद वाटत होता तर तेव्हाच यायचं. गोळीमुळेही असेल थोडं, सराव तुटल्यामुळेही असेल. बघता आलं असतं."

पद्मजा उठली, दारापर्यंत गेली आणि परत वळली. "त्या मुलीबद्दल जे वाटतं, तेही यामुळेच ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "गोळी चालू होती तेव्हा वाटत नव्हतं?"

"वाटत होतं."

"मग भडका यामुळे उडाला असेल. पण ते तुमचं आहे."

हे उत्तर पद्मजाला आवडलं नाही. पण चार-पाच दिवसांत झटके विरळ होत गेले, आठवड्याभरात थांबले, जमीन जागेवर आली, आणि डॉक्टरांचं म्हणणं खरं निघालं. ओवीचा विचार आला की छातीत जे जळायचं ते तसंच जळत होतं.

त्या वर्षी ती वाजवायला उभी राहिली नाही. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर गर्दीत उभं राहून तिने पथक पाहिलं. ओवी अप्रतिम वाजवत होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय हात आहे हो पोरीचा!" पद्मजा म्हणाली, "मी शिकवलाय." बाईंना ते ऐकू गेलं नाही. ते पुन्हा मोठ्याने सांगण्याचा मोह तिला झाला, आणि तिने तो कसाबसा आवरला.

माफी मागायला तिला दिवाळी उजाडली. ओवी भावासाठी नकाशाची वही घ्यायला दुकानात आली होती. वही कागदात गुंडाळता गुंडाळता पद्मजा म्हणाली, "त्या दिवशी मी बोलले ते चूक होतं. औषध अचानक सोडलं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. पण सगळंच औषधामुळे नव्हतं. मला तुझा हेवा वाटतो."

ओवी गोंधळून हसली. "माझा? ताई, मी अजून तुमचे जुने व्हिडिओ बघून प्रॅक्टिस करते."

यावर विरघळून जावं असं पद्मजाला वाटलं नाही. उलट मनात आलं, म्हणजे तेही घेतलंस. पण तिने वहीचे पैसे घेतले नाहीत.

हिवाळ्यात डॉक्टरांनी गोळी थोडी कमी केली. काही दिवस चक्कर आली, पद्मजाने फोन केला, डॉक्टरांनी तेवढ्याच गोळीवर थांबायला सांगितलं, आणि महिन्याने पुढची पायरी उतरली. घरी ती रोज संध्याकाळी उशीवर काड्या चालवायची. दीनानाथ रेडिओ मोठा करायचे, पण थांब म्हणायचे नाहीत.

पुढच्या जुलैत ओवीची बदली हैदराबादला झाली. दिगंबरने पुढचा ताशा पद्मजाला दिला. इतकी वाट पाहिलेली जागा मिळाली, आणि तिला फसवल्यासारखं झालं. ओवी समोर असताना ती मिळायला हवी होती. नुसती रिकामी झाली म्हणून मिळाली. तरी तिने घेतली. विसर्जनाला ती सलग वाजवत राहिली. सगळे हात नीट बदलले. मागचे ढोल एकदाही वाट चुकले नाहीत. त्या सकाळीही तिने नाश्त्यानंतर गोळी घेतली होती, आता पहिल्यापेक्षा बरीच लहान.

दुसऱ्या दिवशी ओवीचा फोन आला. "ताई, कसं झालं वादन?"

"तुझ्याहून बरं," पद्मजा म्हणाली.

पलीकडे ओवी खळखळून हसली. तिला ती चेष्टा वाटली. पद्मजाने ती तशी वाटू दिली, आणि मग विचारलं, "तिकडे कुठे पथक आहे का? का हात गंजवतेस?"