सबाचं 'कबूल है' अन् माझं 'ॲग्री'

मंडळी, अजून अंगावर काटा आहे.

आज जठारपेठेत आमच्या शेजारच्या सबाचा निकाह होता. काझीसाहेबांनी तिले विचारलं, "कबूल है?"

सबा म्हणाली, "काझीसाब, वो मेरी पढाईवाली शर्त फिर से पढो ना."

सारा हॉल थांबला. नवरदेव, दोन्हीकडचे बुजुर्ग, भुकेले वऱ्हाडी, सारे एका पोरीच्या 'हो'ची वाट पाहून राहिले! लग्नानंतरही तिचं शिक्षण चालू राहील, ही निकाहनाम्यातली शर्त काझीसाहेबांनी पुन्हा वाचली, तेव्हाच ती म्हणाली, "कबूल है."

घरी येऊन कापसाचा भाव पाहाले नवं ॲप घेतलं. त्यानं माझे फोटो मागितले, साऱ्यांचे नंबर मागितले, मी कुठं फिरतो तेही मागितलं. सारं इंग्रजीत. अंगठा सवयीनं 'ॲग्री'वर गेला, अन् तिथंच अडला. अरे, कापसाच्या भावाले माझे फोटो काहून पाहिजेत?

ऑनलाइन खासगीपणाच्या कायद्याचा मसुदा आला आहे. आधी समजेल अशा भाषेत सांगा, मग संमती घ्या, असं त्यात आहे. काल मले ते सरकारी पाल्हाळ वाटलं होतं. आज त्याचं मोल कळलं.

कायदा झाला, तर फोनलेही त्या हॉलसारखं थांबावं लागंल. पण "पुन्हा वाचा" म्हणणार कोण? तुमी शेवटचं कधी म्हटलं?